मचाणाखालचा हौद

केझाया हॉर्सफॉल बाप्तिस्मा घेणार, ही बातमी बुधवारच्या प्रार्थनेनंतर फुटली आणि गुरुवारी गिरणीचा भोंगा व्हायच्या आत सगळ्या क्लफडीन गावाला कळली. मागांच्या खडखडाटात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून आमच्या विणकर बायका नुसते ओठ हलवून गप्पा मारतात. त्या दिवशी गिरणीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्यांचे ओठ एकच विचारत होते, "केझी? आपली केझी? आणि पाण्यात?"

केझी म्हणजे आमच्या बॅप्टिस्ट पंथाच्या चॅपलची, म्हणजे प्रार्थनाघराची, राखणदारीण. आधी तिची आई चॅपल सांभाळायची, मग ती. बिऱ्हाडही चॅपलच्याच छपराखाली. तिच्या स्वयंपाकघराची भिंत आणि चॅपलची भिंत एकच, त्यामुळे इकडे बटाटे उकडता उकडता पलीकडे तालमीत कोण बेसूर गातंय ते तिला बसल्या जागी कळायचं, आणि दुसऱ्या दिवशी भर रस्त्यात ती त्याला ते सुनवायचीही. साठी उलटलेली, काठीसारखी उंच, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. नवरा नाही, पोर नाही. जे काही होतं ते चॅपल.

बाहेरून बघणाऱ्याला ते एखाद्या कापडवाल्याचं ऐसपैस घरच वाटेल. धुरानं काळवंडलेला चौकोनी दगड, खिडक्यांच्या दोन ओळी, साध्या पांढऱ्या काचा. मनोरा नाही, घंटा नाही, संतांची चित्रं तर नाहीतच. आत मात्र बांधणाऱ्यांनी जीव ओतलाय! मधोमध प्रवचनाचं उंच व्यासपीठ, म्हणजे पुल्पिट, तीन बाजूंनी घोड्याच्या नालासारखी वळलेली गॅलरी, तिला तोलून धरणारे बिडाचे सडपातळ खांब. पुल्पिटमधून कुजबुजलं तरी गॅलरीतल्या शेवटच्या बाकाला ऐकू जातं. गॅलरीच्या कठड्यावर घड्याळ, तेही प्रवचन देणाऱ्याच्या बरोब्बर तोंडासमोर, म्हणजे आपण कधी थांबावं ते त्याला कळावं. काहींना तरीही कळत नाही, ती गोष्ट वेगळी. आणि पुल्पिटच्या पायथ्याशी, प्रभुभोजनाच्या मेजाखाली, लाकडी फळ्यांच्या आड हौद.

तो हौद घासायची केझी, भरायची केझी, बाप्तिस्मा झाला की उपसायची केझी. पांढरे झगे पाण्यात फुगून वर येऊ नयेत म्हणून त्यांच्या काठात शिशाचे तुकडे शिवायचे, तेही तिनंच. पण ती स्वतः त्यात कधी उतरली नव्हती, आणि खरं दुखणं तिथंच होतं.

आमच्यात तान्ह्या पोराच्या कपाळाला पाणी लावून मोकळं होत नाहीत. माणसानं मोठं व्हावं, आपल्या तोंडानं 'हो' म्हणावं आणि सगळ्यांदेखत हौदात उतरून डोक्यावरून पाणी घ्यावं. मग तो मंडळीचा सभासद. मग त्याला प्रभुभोजनाची भाकर, सभेत बोलायचा हक्क, मतासाठी हात वर करायचा हक्क. केझीला यातलं काहीच नव्हतं. भाकरीचं ताट फिरायला लागलं की ती गुपचूप गॅलरीत जाऊन कोपऱ्यातल्या बाकावर बसायची. सगळ्या दारांच्या किल्ल्या तिच्याकडे, आणि घरात ती पाहुणी!

ती सोळा वर्षांची असताना बाप्तिस्म्याच्या रांगेत उभी राहिली होती. पण त्याच वसंतात तिचा भाऊ वॉल्टर गिरणीच्या तळ्यात बुडून गेला होता. तिची पाळी आली, तिनं हौदाच्या कडेवरून खाली पाहिलं, आणि पाण्यात तिला वॉल्टर दिसला. झालं! पोरगी वळली ती मधल्या वाटेनं धूम पळाली, दारातून बाहेर, पांढऱ्या झग्यात, शिशाचे तुकडे दगडी रस्त्यावर खटाखटा आपटत, थेट टेकडीपर्यंत. भरलेल्या चॅपलनं ते पाहिलं. काही जण हसले. हसले म्हणजे काय, हसलेच! रांगेत तिच्या मागे उभा होता एनॉस हेलिवेल, सुताराचा पोरगा. त्यानं त्या दिवसापासून तिला 'पळपुटी' म्हणायला सुरुवात केली आणि म्हातारा झाला तरी सोडलं नाही. तीही काही कमी नव्हती. एनॉसच्या हातची खुर्ची दिसली की आधी हलवून बघायची आणि मग म्हणायची, "बसू का? जीवाची हमी देतोस?"

तर अशी जवळजवळ पन्नास वर्षं गेली.

मग चॅपलला नवे पाळक, म्हणजे धर्मगुरू, आले, मिस्टर लिंडफील्ड. दक्षिणेकडचे, तरुण, सगळ्या गोष्टींना 'वा, छान' म्हणणारे. ईस्टरच्या बाप्तिस्म्यानंतर केझी रिकाम्या हौदात गुडघे टेकून तळ घासत होती, तेव्हा त्यांनी वरून सहज विचारलं, "मिस हॉर्सफॉल, तुमचा बाप्तिस्मा कुठल्या वर्षी झाला?"

"नाही झाला," केझी ब्रश न थांबवता म्हणाली.

पाळकसाहेबांना आधी ती थट्टा वाटली. मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी प्रवचन दिलं नाही, समजूत घातली नाही, फक्त "असं होय" म्हणाले आणि गेले. त्यांनी ओरडाआरडा केला असता तर केझीनं परतून चार शब्द ऐकवले असते आणि विषय मिटला असता. पण ते 'असं होय' तिच्या मनातून जाईना. शिवाय त्या ईस्टरला दुर्बळ पायांची, कुबड्यांवर चालणारी एक पोर हसत हसत हौदात उतरली होती आणि केझीला तिचा हेवा वाटला होता. सरळ सरळ हेवा! आपल्याला हेवा वाटला याचीच तिला लाज वाटली. मे महिना सरता सरता तिनं पाळकांच्या दारावर थाप मारली. "मला घ्यायचाय. पण ॲनिव्हर्सरीच्या रविवारीच."

"त्याच दिवशी का?"

"त्या दिवशी सगळे घरी येतात, पाळकसाहेब. लीड्सला गेलेले, ब्लॅकपूलला गेलेले. ज्यांनी मला पळताना पाहिलं, त्यातले जे उरलेत ते सगळे. त्यांना मला चालत जाताना बघू दे."

पाळकसाहेब म्हणाले, "वा, छान!" चॅपलचा कारभार बघणारी डीकनमंडळी म्हणाली, फारच छान. एनॉस हेलिवेलही डीकन, त्यानं तर मान इतकी हलवली की चष्मा खाली आला.

आता यात चूक कुणाची म्हणाल तर सगळ्यांची. ॲनिव्हर्सरी म्हणजे आमच्या रविवारच्या शाळेचा वाढदिवस. वर्षाचा सगळ्यांत मोठा सण, ख्रिसमससुद्धा त्याच्यापुढे फिका. त्या दिवशी शाळेची सगळी पोरं नवे कपडे घालून पुल्पिटभोवती उभारलेल्या पायऱ्यापायऱ्यांच्या लाकडी मचाणावर बसतात, सगळ्यांत धाकटी खाली, मोठ्या मुली पार वर, छताला टेकल्यासारख्या, आणि गातात. त्या वर्षी तर युद्धापासूनचं साखरेचं रेशन उठल्यानंतरचा पहिलाच उन्हाळा, त्यामुळे गावातल्या बायका केक भाजता भाजता वेड्या व्हायच्या बाकी होत्या. मचाण दरवर्षी एनॉस आणि त्याची माणसं तळघरातून तुळया आणून उभारतात. कुणाला विचारत नाहीत, विचारायचं काय त्यात! आणि मचाणाचे पुढचे पाय टेकतात कुठे? पुल्पिटच्या पायथ्याशी. हौदावरच्या फळ्यांवर.

नव्या पाळकांना हे ठाऊक नव्हतं. डीकनांना ठाऊक होतं, पण एकाच्याही डोक्यात उजेड पडला नाही. केझीनं तर जन्मभर मचाणासाठी फळ्या पुसल्या होत्या आणि बाप्तिस्म्यासाठी फळ्या काढल्या होत्या, पण दोन्ही एकाच आठवड्यात कधी नव्हे. आनंदानं माणूस आंधळं होतं ते असं. गुरुवारी तिनं नळी लावून हौद काठोकाठ भरला, एखादं पोर पडायला नको म्हणून फळ्या पुन्हा नीट बसवल्या, आणि बालमैत्रीण मार्था-ॲनकडे झगा मापून घ्यायला गेली. शुक्रवारी एनॉसची माणसं आली आणि त्यांनी फळ्यांवर मचाण उभं केलं. ती त्यांना चहा नेऊन देत होती!

शनिवारी सकाळी एनॉस शेवटच्या पाचरी ठोकत होता. एक पाचर हातातून निसटली, फळ्यांच्या फटीतून खाली गेली आणि आवाज आला, डुबुक!

एनॉस हातोडा वर धरून तसाच थांबला.

"केझी," तो हळूच म्हणाला, "खाली पाणी कसं गं?"

"मग काय दूध असणार? उद्या माझा..." आणि केझीचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. तिनं मचाणाकडे पाहिलं, खालपासून वरपर्यंत. मग ती पहिल्या बाकावर धपकन बसली. "अगं आई गं," ती म्हणाली. "एनॉस, अरे आपण काय करून बसलो रे!"

अर्ध्या तासात डीकनमंडळी मागच्या खोलीत जमली. सभेची सभा! केझी सभासद नाही, म्हणून ती बाहेर. तिच्यासोबत मार्था-ॲन, ॲनिव्हर्सरीच्या चहापाण्याची मुखत्यार, हाताला पीठ लागलेलं तशीच धावत आलेली. दोघी दाराला कान लावून उभ्या. आत मुख्य डीकन ॲम्ब्रोज क्रॅबट्री यांचा आवाज, हा माणूस 'मीठ द्या' म्हणाला तरी प्रवचन वाटतं. "बंधूंनो, मचाण मोडता येत नाही. दुपारी तालीम आहे. बाप्तिस्मा जुलैमध्ये घेऊ. जिनं इतकी वर्षं दम धरला तिला एक महिना काय जड आहे?"

"जड आहे!" मार्था-ॲन दाराबाहेर फुसफुसली. "आत जा आणि सांग त्यांना."

"मला बोलायचा हक्क नाही, मार्था-ॲन."

"हक्क नाही म्हणे! त्या दाराची किल्ली कुणाच्या कमरेला आहे?"

केझी कधी आत शिरली ते तिचं तिलाही कळलं नाही. सगळ्यांनी माना वळवल्या. तिचा आवाज मात्र खणखणीत.

"नियम मला माहीत आहे, मिस्टर क्रॅबट्री, नंतर हवं तर बाहेर काढा. पण ऐका. मी रोज रात्री अंथरुणात त्या पायऱ्या उतरतेय. रोज. कालच पहिल्यांदा तळाला पोचले. जुलै म्हणालात तर मी 'हो' म्हणेन, हसेन, तुम्हाला चहा देईन. आणि जुलैत माझे पाय मला टेकडीवर घेऊन जातील. मी माझ्या पायांना ओळखते. मी घाबरट बाई आहे. मला एकच रविवार मिळालाय."

क्रॅबट्रीसाहेबांनी खाकरायला सुरुवात केली, पण त्यांच्या आधी एनॉस उठला. त्यानं आपली टोपी मेजावर आपटली.

"मधल्या खालच्या ओळी काढतो," तो म्हणाला. "हौदापुरतं तोंड उघडं ठेवतो, दारासारखं. पोरं दोन्ही बाजूंना आणि वर."

"आणि वरचं सगळं कशावर उभं राहणार? प्रार्थनेवर?" क्रॅबट्री म्हणाले.

"तुळईवर! तळघरात ओकची जुनी तुळई पडून आहे. बाजूच्या दोन्ही लाकडी घोड्यांवर आडवी टाकतो. हत्ती बसवा वर."

"हत्ती कुठून आणणार?"

"हत्ती नसले तरी डीकन आहेत," मार्था-ॲन दारातून म्हणाली, आणि मग जो काय हशा पिकला! हात वर करायचं कुणी सांगितलंसुद्धा नाही, सगळ्यांचे आपोआप वर गेले.

त्या दुपारची धांदल क्लफडीन अजून विसरलेलं नाही. तुळई वर आणायला गिरणीतले हमाल आले, खाटीक आला, पाववाला आला, अगदी पलीकडच्या मेथडिस्ट पंथाच्या चॅपलचा ऑर्गनवालासुद्धा आला, "आमच्याकडे असला घोळ होत नाही" असं दहादा ऐकवत. फळ्या निघाल्या, खांबांच्या मधून तुळई वळवताना पुल्पिटचा कठडा थोडा खरवडला गेला, केझी किंचाळली, एनॉस तिच्यावर ओरडला, ती त्याच्यावर. तालमीला आलेली पोरं गॅलरीच्या कठड्यावरून लटकून टाळ्या वाजवत होती. तुळई बसली. मग परीक्षा. सगळ्या डीकनांना वरच्या ओळींवर, पोरींच्या जागी, चढवून बसवलं. काळे कोट, पांढऱ्या मिशा, गुडघे हनुवटीला. क्रॅबट्रीसाहेब मधोमध, तेच सगळ्यांत वजनदार.

"आता उड्या मारा," एनॉस खालून म्हणाला.

"काय?"

"पोरं काय गप्प बसणार आहेत? मारा उड्या!"

आणि चॅपल बांधलं गेल्यापासून जे कुणी पाहिलं नव्हतं ते क्लफडीननं पाहिलं. आमच्या मंडळीचे आधारस्तंभ छताजवळ बसून ढुंगणं आपटत होते. तुळई जराही हलली नाही. क्रॅबट्रीसाहेबांना उतरताना हसू आवरेना, ते म्हणाले, "बंधूंनो, याची नोंद करू नका." पोरांनी चॅपल डोक्यावर घेतलं.

रविवार उजाडला तो लख्ख. माणसांनी भरलेलं चॅपल म्हणजे काय ते त्या दिवशी बघावं! खालची बाकं गच्च, गॅलरी गच्च, खिडक्यांच्या कट्ट्यांवर माणसं, जिन्यांवर माणसं. वरच्या खिडक्यांतून ऊन सरळ पोरांच्या नव्या पांढऱ्या कपड्यांवर, आणि त्या पांढऱ्या डोंगराच्या पोटात चौकोनी काळं तोंड, त्यात हौद, त्यात हलतं पाणी. मचाणाच्या कडेला, तुळईच्या टेकूला हात लावून, एनॉस ठेवणीतल्या सुटात उभा. तुळई पक्की आहे असं तो सगळ्यांना सांगत होता, पण स्वतः तिथून हलत नव्हता.

पोरांची दोन गाणी झाली. पाळकसाहेब आपला काळा झगा घालून पाण्यात उतरले आणि त्यांनी वर पाहिलं. मार्था-ॲननं समोरचं मोठं दार उघडलं आणि केझी आत आली. पांढरा झगा, अनवाणी पाय, केस मोकळे. तिचे केस इतके लांब आहेत हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ती मधल्या वाटेनं चालत आली. मागच्या दारानं आली असती तरी चाललं असतं, पण तिला तीच वाट हवी होती. दोन्हीकडची माणसं आपोआप उभी राहायला लागली.

ती हौदाच्या कडेला पोचली. तिनं खाली पाहिलं. आणि थांबली.

तिचं काळीज इतकं धडधडत होतं की ते गॅलरीपर्यंत ऐकू जाईल असं तिला वाटलं. या घराची बांधणीच तशी! पाणी गार होतं, खोल होतं, आणि तिला कुणीतरी तळातून वर बघतंय असं वाटायला लागलं. "मिस हॉर्सफॉल," पाळकसाहेब हात पुढे करून हळूच म्हणाले, "सावकाश. आपण थांबू शकतो." ते ऐकून तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. एक टाच मागे उचलली गेली. ती तिनं नाही उचलली, ती आपली आपण उचलली गेली.

तेव्हा टेकूजवळून एनॉस, अगदी खालच्या आवाजात, समोर बघतच म्हणाला, "दार उघडंच ठेवलंय, पळपुटे. रस्ताही झाडून घेतलाय."

केझीनं गर्रकन मान वळवली. एनॉसचा चेहरा रडवेला झाला होता. टेकूवरचा हात पांढराफटक पडला होता. इतकी वर्षं हा माणूस आपल्याला हाक मारत होता, ती थट्टा नव्हतीच, हे तिला तेव्हा पहिल्यांदा समजलं.

"मेल्या," ती म्हणाली, "तू तुझी तुळई सांभाळ." आणि उतरली.

पहिली पायरी. दुसरी. पाणी गुडघ्यावर, पाणी कमरेवर, आणि ती हं-हं करत श्वास घेतेय, पण उतरतेय! वरच्या ओळींतल्या पोरी वाकून वाकून बघताहेत. पाळकसाहेबांनी विचारलं, प्रभूवर तुमचा विश्वास आहे का. "हो!" ती म्हणाली, आणि तो 'हो' इतका मोठा निघाला की दारातली माणसं दचकली. पाळकसाहेबांनी तिच्या पाठीमागे हात धरला. ती मागे झुकली. पाण्यानं तिला झाकलं. पाण्याखाली कुणीही नव्हतं. फक्त हिरवट उजेड होता आणि तिनंच घासलेला स्वच्छ तळ. मग ती वर आली, केस तोंडावर, नाकातोंडातून पाणी, आणि पहिला श्वास घेतला तो हसण्याचाच.

आमच्यात माणूस पाण्यातून वर आला की मंडळी लगेच एक गीत उचलते. पण त्या दिवशी उचलणार कोण? आमच्या ऑर्गनवाल्याला भरल्या डोळ्यांपुढे काही दिसत नव्हतं. मार्था-ॲन केझीला गुंडाळायला आणलेलं ब्लँकेट स्वतःच्याच तोंडात धरून हमसाहमशी रडत होती. क्रॅबट्रीसाहेबांच्या मिशा ओल्या. एनॉस तर टेकूला मिठी मारून उभा.

मग गीत केझीनंच उचललं. कमरेइतक्या पाण्यात उभी राहून, थोड्या घोगऱ्या आवाजात, पण सुराला पक्की. दुसऱ्या ओळीला पोरं आली, वरून, खालून, दोन्ही बाजूंनी. तिसरीला गॅलरी. आणि मग अख्खं चॅपल इतक्या जोरात गायला लागलं की काचा झणझणल्या.

पाळकसाहेबांचे दात कडकडा वाजत होते. कडवं संपलं तसा त्यांनी तिला हात दिला. "चला, मिस हॉर्सफॉल. बाहेर या."

"थांबा हो जरा," केझी म्हणाली, आणि तिनं पाण्यावर दोन्ही हात पसरले. "आत्ता तर आलेय."

आणि गीताची सगळी कडवी होईपर्यंत ती पाण्यातून काही बाहेर आली नाही.